घरात म्हातारा कुत्रा आहे आणि रस्त्यावरचं पिल्लू आणलंय: लोक सारखे विचारतात ते प्रश्न

आमच्याकडे मोत्या आहे, वय साधारण १२, आणि गेल्या ६ वर्षांत त्याच्या घरात मी रस्त्यावरची ११ पिल्लं आणली, १० चांगल्या घरी गेली आणि एक, शेंगा, आमच्याकडेच राहिली. तेव्हापासून ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे, रात्री साडेअकराला फोटो पाठवून विचारतात की हा गुरगुरतोय आता काय करू. तेच ते प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाहीये, औषधाचा डोस मला विचारू नका, तो पिल्लाचं वजन करून डॉक्टरच सांगतात.

१. रस्त्यावर पिल्लू एकटं दिसलं, उचलून घरी आणू का?

आधी थांबा आणि लांबून बघा, दोन-तीन तास तरी. आई खायला शोधायला गेलेली असते आणि पिल्लं गाडीखाली किंवा वाळूच्या ढिगात झोपलेली असतात. पिल्लू गुबगुबीत आहे, अंग गरम आहे, शांत झोपलंय तर त्याला आई आहे असंच समजा आणि आईलाच खायला घाला. ८ आठवड्यांच्या आत आई आणि भावंडांपासून तोडलेलं पिल्लू चावायला किती जोर लावायचा हे शिकलेलंच नसतं, कारण ते भावंडांबरोबर खेळूनच शिकतात, आणि मग त्याचा त्रास तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या कुत्र्याला होतो. आई गाडीखाली गेली असेल, पिल्लू थंड पडलं असेल, जखमेत अळ्या असतील, तर मात्र वाट बघू नका, लगेच उचला.

२. पिल्लाचं वय कसं ओळखायचं? आम्हाला कोणी म्हणतं एक महिन्याचं, कोणी म्हणतं तीन

दात बघा. दुधाचे दात साधारण ३ ते ६ आठवड्यांत येतात, सुईसारखे टोकदार. पुढचे बारीक दात पडून रुंद, मोठे दात यायला लागले असतील तर पिल्लू साडेतीन-चार महिन्यांचं आहे. सगळे ४२ दात ६-७ महिन्यांपर्यंत येतात. वय कळलं की लस कधी, खायला काय, किती वेळा, सगळं ठरवता येतं.

३. आमचा कुत्रा १० वर्षांचा आहे. त्याला सोबत होईल म्हणून पिल्लू आणावं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि माझं उत्तर बऱ्याच जणांना आवडत नाही. सोबत बहुतेक वेळा आपल्याला हवी असते. म्हाताऱ्या कुत्र्याला हवी असते झोप, वेळेवर जेवण, रोजची तीच फेरी आणि तुम्ही. पिल्लू आलं की या चारही गोष्टींवर घाला येतो.

म्हणून आधी त्याला डॉक्टरकडे नेऊन पूर्ण तपासून घ्या. उठताना मागचे पाय घसरतात का, जिना चढायला टाळतो का, हाक मारल्यावर उशिरा वळतो का, डोळ्यात पांढुरकं आलंय का. ज्याचे सांधे दुखतात त्याच्या अंगावर पिल्लानं उडी मारली तर तो चावणारच, आणि आपण म्हणणार हा चिडका झाला. दुखणं आधी आटोक्यात आणा, मग पिल्लाचं बघा. आणि घरातली ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम कुत्र्याला देऊ नका, पोटात अल्सर होतात, किडनी जाते.

तब्येत ठीक असेल आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांशी त्याचं बरं असेल तर आणा की, खुशाल आणा. मोत्या ६ वर्षांचा असताना पहिलं पिल्लू आलं, तो आता १२ चा आहे आणि शेंगामुळे संध्याकाळी अजून उठून दारापाशी येतो. पण ते असंच होईल अशी खात्री मी कोणालाही देत नाही.

४. घरी आणायच्या आधी नेमकं काय काय करून ठेवायचं?

म्हाताऱ्याचं लसींचं पुस्तक काढा. रेबीजची आणि सेव्हन-इन-वन किंवा नाइन-इन-वनची (एकाच इंजेक्शनात बऱ्याच आजारांवरची लस) तारीख उलटून गेली असेल तर आधी ती देऊन घ्या. रस्त्यावरच्या पिल्लाबरोबर काय काय येतं ते दिसत नाही.

पिल्लू उचललं की घरी न नेता आधी थेट डॉक्टरकडे. जंताचं औषध (पिल्लाला जंत आईच्या पोटातूनच येतात, त्यामुळे स्वच्छ दिसतंय म्हणून सोडू नका, साधारण दर १५ दिवसांनी ३ महिन्यांचं होईपर्यंत द्यावं लागतं), गोचिडांसाठी त्याच्या वयाला आणि वजनाला चालेल असंच औषध, हिरड्या पांढऱ्या पडल्यात का ते बघणं, आणि सुस्त असेल तर पार्व्होची (पोटाचा जीवघेणा, पसरणारा आजार) टेस्ट. म्हाताऱ्यासाठी आणलेलं गोचिडांचं औषध अर्धं करून पिल्लाला लावू नका, हे लोक फार करतात.

घरी एक लाकडी किंवा प्लास्टिकचं बेबी गेट घ्या, नसेल तर जुनी प्लायवूडची फळी दारात आडवी लावली तरी चालते, आम्ही दोन वर्षं तीच वापरली.

५. १४ दिवस वेगळं ठेवा म्हणतात, आमचा वन बीएचके आहे, कसं जमायचं?

जमतं, पण मनावर घ्यावं लागतं. कारण आधी सांगते म्हणजे कंटाळा आला तरी तुम्ही सोडणार नाही. पार्व्होचा विषाणू अंगात शिरल्यावर बहुतेक पिल्लांत ३ ते ७ दिवसांत उलटी, रक्ताची जुलाब, आंबूस घाण वास हे सुरू होतं, कधीकधी १४ दिवसही लागतात. म्हणजे आज उड्या मारणारं पिल्लू चौथ्या दिवशी मान टाकून पडू शकतं. डिस्टेंपरला (हाही विषाणूचाच आजार) तर त्याहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे डोळ्यानाकातून चिकट येतंय, खोकला आहे, असं असेल तर १४ दिवसांवर थांबू नका, डॉक्टर मोकळं म्हणतील तेव्हाच मोकळं. लस पूर्ण असलेल्या मोठ्या कुत्र्याला पार्व्हो सहसा होत नाही, पण म्हातारा किडनीचा किंवा शुगरचा पेशंट असेल तर मी अजिबात धोका पत्करणार नाही.

आता जागा. बाथरूम, जाळी लावलेली बाल्कनी (ऊन आणि पाऊस थेट येत नसेल तर), किंवा बेडरूमचा एक कोपरा आणि दारात फळी. खाली सतरंजी नको, वर्तमानपत्र आणि जुनी चादर, जी टाकून देता येईल. पहिले काम म्हाताऱ्याचं करायचं, म्हणजे त्याचं जेवण, त्याची फेरी, त्याचे लाड, आणि मग पिल्लाकडे जायचं, उलटं नाही. पिल्लाकडे जाताना एक ठरलेला गाऊन किंवा जुना शर्ट आणि वेगळी चप्पल, बाहेर आल्यावर साबणाने हात. पिल्लाचं फडकं, पोछा, भांडी सगळं वेगळं.

आणि हे नीट वाचा, फिनेलनं पार्व्हो मरत नाही. आधी शी पूर्ण उचलून साबणानं पुसायचं, मग १ भाग साधा ब्लीच आणि ३० भाग पाणी असं करून फरशी १० मिनिटं ओली ठेवायची, मग साध्या पाण्याने पुसायची, तोवर दोघंही लांब. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. घरात आधी कधी पार्व्होनं पिल्लू गेलं असेल तर हा विषाणू कोपऱ्यात, कुंडीच्या मातीत वर्षभरही राहतो, अशा घरात लसी पूर्ण झालेलंच पिल्लू आणा.

१४ दिवस फुकट जातात असं वाटतं पण तसं नाही. दाराखालच्या फटीतून दोघं एकमेकांचा वास घेत असतात. तुम्ही पिल्लाची चादर म्हाताऱ्याकडे मात्र नेऊ नका, हा सल्ला बऱ्याच ठिकाणी देतात, पण तो १४ दिवस संपल्यावरचा आहे.

६. पिल्लाचे केस गेलेत, सारखं खाजवतंय. म्हाताऱ्याला आणि आम्हाला लागेल का?

खरूज दोन प्रकारची असते आणि डोळ्याने बघून सांगता येत नाही, डॉक्टर कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात. एका प्रकारचे किडे प्रत्येक कुत्र्याच्या अंगावर थोडे असतातच, पिल्लाची प्रतिकारशक्ती कमी पडली की वाढतात, ती दुसऱ्याला लागत नाही. दुसरी भयंकर खाजवते, कानांच्या कडा आणि कोपर आधी सोलतात, ती लागते, माणसालाही हातावर-पोटावर पुरळ येतं. कळेपर्यंत लागणारीच आहे असं धरून वेगळं ठेवा, प्रश्न ५ सारखंच. हल्लीच्या औषधांनी दोन्ही बऱ्या होतात. जळकं ऑइल, गंधक-तेल असले उपाय करू नका, पिल्लू ते चाटतं.

७. पहिली भेट कशी घालायची?

घराबाहेर, आणि जिथे म्हाताऱ्या कुत्र्याची मालकी नाही अशा जागी. आपल्याकडे सगळ्यात सोयीची जागा म्हणजे गच्ची. लस पूर्ण नसलेल्या पिल्लाला बाहेरच्या मातीत सोडता येत नाही, गच्चीवर रस्त्यावरची कुत्री येत नाहीत, आणि तिथे म्हाताऱ्याची खाट नाही, भांडं नाही, राखायला काहीच नाही.

शेंगाच्या वेळेचं सांगते. मी तिला मांडीवर घेऊन एका कोपऱ्यात बसले, नवऱ्याने मोत्याला पट्ट्याने वर आणलं, पट्टा ढिला, कारण ताणलेल्या पट्ट्यानं कुत्र्याला वाटतं काहीतरी गडबड आहे. मोत्या पाण्याच्या टाकीपर्यंत आला, हवेत नाक वर केलं, मग तोंड फिरवून कठड्यावर शू केली आणि खाली जायच्या दारापाशी जाऊन उभा राहिला. आम्ही तिथेच थांबवलं, जेमतेम ४ मिनिटं. दुसऱ्या दिवशी तो टाकीच्या अलीकडे आला. तिसऱ्या दिवशी शेंगाच्या शेपटीखाली वास घेतला, तीन सेकंद, आणि लांब जाऊन बसला. पाचव्या दिवशी मी तिला खाली सोडलं, ती लगेच पोट वर करून पडली आणि थोडी शू केली, मोत्याने तिला हुंगलं आणि सोडून दिलं. तेव्हाच आम्ही दोघांना बरोबर घरात आणलं, मोत्या पुढे, शेंगा मागून कडेवर.

लोक काय करतात, पिल्लू हातात धरून म्हाताऱ्याच्या तोंडापुढे नेतात, बघ बघ तुझा भाऊ आला. पिल्लाला पळायला जागा नाही, म्हाताऱ्याला मागे व्हायला जागा नाही, आणि सगळं घर मोबाईल काढून उभं. असं करू नका हो. तो वळून गेला तर त्याला जाऊ द्या, वळून जाणं हे त्याचं शहाणपण आहे.

८. आमचा म्हातारा पिल्लावर गुरगुरतो. रागावायचं का?

नाही. एकदाही नाही.

गुरगुरणं म्हणजे तो बोलतोय, नको, लांब हो. बहुतेक पिल्लं ते ऐकून थांबतात, आणि हे शिकणं त्यांना माणूस शिकवू शकत नाही. तुम्ही प्रत्येक वेळी त्याला ओरडलात तर तो गुरगुरणं सोडेल पण त्रास होणं काही थांबणार नाही, आणि मग एक दिवस तो न सांगता चावेल. तुम्ही म्हणाल काहीच कारण नसताना चावला.

खरं तर गुरगुरायच्या आधीही तो बरंच बोललेला असतो. जीभ पटकन नाकावरून फिरवतो, झोप आली नसताना जांभई देतो, मान वळवतो पण डोळे पिल्लावरच, त्यामुळे डोळ्याचा पांढरा भाग कोयरीसारखा दिसतो. आणि एकदम थिजून उभा राहतो, शेपूट, कान, श्वास सगळं थांबतं. ते थिजणं दिसलं की हाक मारून, आनंदी आवाजात, म्हाताऱ्याला तुमच्याकडे बोलवा आणि पिल्लू उचला. ओरडून नाही, धावत नाही.

गुरगुरला, पिल्लू थांबलं, तोही शांत झाला, तर सगळं ठीक चाललंय. हवेत दात वाजवले तरी ठीक. पिल्लू लांब गेल्यावरही मागे जाऊन दाबतोय, किंवा पिल्लू किंचाळल्यावरही सोडत नाहीये, किंवा रक्त आलंय, तर ठीक नाही. लगेच वेगळं करा आणि प्रश्न १५ आणि १९ बघा.

९. मग हे सगळं किती दिवस चालणार?

बरोबर झोपले, खेळले असं व्हायला आमच्याकडे कधी ३ आठवडे लागले, कधी ३ महिने. एका पिल्लाशी मोत्याचं शेवटपर्यंत जमलं नाही, नुसतं चालवून घेतलं, आणि तेही पुरेसं होतं. एकाच चादरीवर झोपलेला फोटो येईल म्हणून वाट बघत बसू नका. म्हातारा पूर्वीसारखं जेवतोय, पूर्वीच्या जागी झोपतोय, दार उघडल्यावर शेपूट हलवतोय, तर तुमचं घर नीट चाललंय.

१०. दोघांचं जेवण कसं सांभाळायचं? पिल्लू त्याच्या भांड्यात तोंड घालतं

वेगळ्या खोलीत, बंद दाराआड, आणि १५ मिनिटांनी भांडी उचलून ठेवायची. रिकामं भांडंही पडू द्यायचं नाही, रिकाम्या भांड्यावरून भांडणं झालेली मी बघितली आहेत. रस्त्यावर उपाशी राहिलेलं पिल्लू जेवताना जवळ आलं की अंगावर येतं, छोटंसं दीड किलोचं असलं तरी. हात घालून भांडं ओढून त्याची परीक्षा घेऊ नका, उलट जेवताना जाता जाता भांड्यात अंड्याचा तुकडा टाका म्हणजे माणूस जवळ आला की चांगलं होतं हे कळतं.

काय द्यायचं: ३ महिन्यांपर्यंत दिवसातून ४ वेळा, मग ३. भात, उकडलेलं चिकन, अंडं, थोडं दही, भोपळा, गाजर, मीठ-मसाला नाही, आणि रोज घरचंच देणार असाल तर कॅल्शियमचं वगैरे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट नाही, शिजवलेली हाडं नाहीत. दूध-बिस्किट नको, दुधानं बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात आणि मग पार्व्हो की दूध हे कळत नाही, तुमचा जीव टांगणीला लागतो. पिल्लाचं पॅकेटचं खाणं म्हाताऱ्याला देऊ नका, त्यात कॅलरी जास्त असतात, तो जाड होतो आणि सांध्यांवर भार येतो, किडनीचा त्रास असेल तर आणखी वाईट.

११. पिल्लू रात्रभर रडतं, म्हातारापण झोपत नाही

पहिल्या तीन-चार रात्री पिल्लाचा बॉक्स तुमच्या पलंगाशेजारी ठेवा, म्हातारा दुसऱ्या खोलीत त्याच्या नेहमीच्या जागी. गरम पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून, तुमचा वापरलेला शर्ट, आणि मध्यरात्री एकदा शूला नेणं. भावंडांच्या ढिगात झोपायची सवय असलेलं ते, एकटं पडलंय म्हणून रडतं. रडू दे, सवय होईल, हे माझ्याच्यानं होत नाही आणि करायची गरजही नाही.

१२. पिल्लू आल्यापासून म्हातारापण घरात शू करायला लागलाय. मुद्दाम करतोय का?

मुद्दाम असं काही नसतं. थोडीशी, उभ्या कोपऱ्यावर, पिल्लाने जिथे केली तिथेच करत असेल तर तो त्यावर आपला वास टाकतोय. ती जागा एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा, फेऱ्या एकने वाढवा. पण मोठं थारोळं होतंय, पाणी जास्त पितोय, झोपेत गळतेय, तर हे पिल्लामुळे नाहीच, किडनी, शुगर, लघवीचं इन्फेक्शन काहीही असू शकतं, दोन दिवसांत तपासा. आमच्या ओळखीत एकीनं दोन महिने "रुसलाय" म्हणून काढले आणि शेवटी शुगर निघाली. पिल्लू आल्यावर म्हाताऱ्यात जो बदल दिसेल तो सगळा पिल्लाच्या खात्यावर टाकू नका.

पिल्लाला शूचं शिकवणं सोपं आहे: उठल्यावर, जेवल्यावर, खेळल्यावर लगेच ठरलेल्या जागी नेणं आणि केल्यावर कौतुक. नाक घासणं वगैरे प्रकार बंद.

१३. आमचा म्हातारा खूपच शांत आहे, पिल्लू कान ओढतं, पाय चावतं, तो काहीच करत नाही. छान ना?

नाही, मला गुरगुरणाऱ्यापेक्षा याचीच जास्त काळजी वाटते. जो बोलत नाही त्याच्यासाठी तुम्हाला बोलावं लागतं. मोत्या तसाच आहे. एका पिल्लाच्या वेळी आम्ही सगळे म्हणत होतो किती गुणी, आणि एक दिवस मी ओट्याखाली वाकून बघितलं तर तो भिंतीला तोंड लावून, पाठ आमच्याकडे करून बसला होता, आणि कानाच्या मागे छोट्या छोट्या खपल्या. टोकदार दातांच्या. मी किती दिवस बघितलं नव्हतं कोण जाणे.

तेव्हापासून आमचा नियम, म्हाताऱ्याची एक जागा अशी हवी जिथे पिल्लू पोचूच शकत नाही. फळीच्या पलीकडे किंवा दार लावून खोलीत. सोफ्यावर उडी मारायला लावू नका, त्याचे गुडघे बघा. आणि दोघं बरोबर असताना सुरुवातीला कोणीतरी माणूस तिथे हवाच, १०-१५ मिनिटं, मग पिल्लाची झोप. पिल्लं दिवसाचे १८ तास झोपतात, किंवा झोपायला हवीत. जे पिल्लू संध्याकाळी ७ ला वेड्यासारखं पळतं आणि सगळ्यांना चावतं ते बहुतेक वेळा दमलेलं असतं, त्याला आणखी खेळवू नका, झोपवा.

१४. पिल्लानं खेळता खेळता मुलाला दात लावला, थोडं रक्त आलं. लस झालेली नाही. काय करायचं?

यात मागेपुढे बघायचंच नाही. वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही नाही. मग त्याच दिवशी डॉक्टर किंवा सरकारी दवाखाना, तिथे रेबीजची लस मोफत मिळते. कातडीत देतात ते डोस ०, ३, ७, २८ व्या दिवशी असतात, दंडाच्या स्नायूत देतात ते ०, ३, ७, १४, २८. रक्त आलं असेल तर जखमेत सिरमही (लसीचा परिणाम सुरू होईपर्यंत संरक्षण देणारं इंजेक्शन) देतात, ते आवर्जून विचारा. पिल्लू छोटं आहे, दात लहान आहेत म्हणून रेबीज होत नाही हे चूक आहे, आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसली की त्यावर उपाय नाही. म्हाताऱ्याला लागलं असेल तरी डॉक्टरांना सांगा, त्याची लस चालू असली तरी पुन्हा एक देतात.

पिल्लाला स्वतःला रेबीजची लस ३ महिन्यांची झाल्यावर. तोवर घरातल्या मुलांना आधीच समजावून ठेवा की ओरखडासुद्धा लपवायचा नाही.

१५. दोघं खरंच भिडले तर कसं सोडवायचं?

तोंडाच्या मध्ये हात घालायचा नाही, गळ्याचा पट्टाही धरायचा नाही. कुत्रा त्या क्षणी वळून जे लागेल ते चावतो, त्यात तुमचा काही दोष नाही आणि त्याचाही नाही. जाड चादर दोघांवर टाका, स्टीलचं ताट फरशीवर आपटा, बादलीभर पाणी. दोन मोठी माणसं असतील तर दोघांनी मागचे पाय धरून मागे ओढा, पण म्हाताऱ्याचे मागचे पाय दुखरे असतील तर फक्त पिल्लाला ओढा. मग दोन तास नाही, दोन दिवस वेगळे ठेवा. दाताची जखम वरून टिचभर दिसते, आत खोल असते आणि पू होतो, दाखवून घ्या. आणि कशावरून झालं ते लिहून ठेवा: जागा, वेळ, खाणं, दार. तीन वेळा लिहिलं की कारण दिसतं.

१६. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला बाहेर न्यायचंच नाही का?

खाली जमिनीवर नाही, कडेवर घेऊन हो. लस ६ ते ८ आठवड्यांना सुरू होते आणि दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवड्यांचं होईपर्यंत द्यावी लागते, मधलीच एक दिली आणि झालं असं नाही. पण जग ओळखायचं वय ३ ते १४ आठवडे, म्हणजे दोन्ही एकाच वेळी. म्हणून पिशवीत किंवा कडेवर घेऊन रिक्षा, भाजीवाला, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, कुकरची शिट्टी हे सगळं दाखवा. दिवाळी, गणपती जवळ असेल तर फटाके-ढोलाचा आवाज मोबाईलवर आधी बारीक, मग हळूहळू मोठा, खाताना. म्हाताऱ्याला फटाक्यांची भीती असेल तर हे त्याच्यासमोर नको, आणि दिवाळीत दोघांना वेगळ्या खोलीत ठेवा, घाबरलेला म्हातारा पिल्लाला चावू शकतो.

१७. म्हातारा नर आहे, पिल्लू मादी. इतक्या वयात त्याच्याकडून काय होणार?

होणार. १०-११ वर्षांचा नरही पिल्लं देऊ शकतो, आणि आपल्या देशी माद्या सहाव्या-सातव्या महिन्यातच पहिल्यांदा पाळीवर येऊ शकतात, साधारण ३ आठवडे चालते. त्या काळात नर जेवत नाही, रात्रभर दार खरवडतो, म्हाताऱ्याच्या हृदयाला ते बरं नाही. पिल्लाचं नसबंदीचं ऑपरेशन कधी ते पाचव्या महिन्यातच डॉक्टरांशी ठरवून ठेवा. उलट, म्हातारी मादी असेल आणि तिचं ऑपरेशन झालेलं नसेल तर पाळीनंतर महिना-दोन महिन्यांत जास्त पाणी पिणं, सुस्ती, घाण स्राव दिसला की त्याच दिवशी दाखवा, गर्भाशयात पू झालेला असू शकतो. हाही बदल पिल्लाच्या खात्यावर जातो, प्रश्न १२ सारखाच.

१८. सोसायटीवाले म्हणतात एकाच्या वर कुत्रा चालणार नाही

सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्ट बंद करता येत नाही, प्राणी कल्याण मंडळानं २०१५ साली हे स्पष्ट कळवलेलं आहे. महापालिकेचं लायसन्स दोघांचं वेगळं काढा, लसींची पुस्तकं जवळ ठेवा, शी उचला. भांडायला जाण्याआधी शी उचलत असाल तर निम्मं भांडण तिथेच मिटतं.

१९. तीन महिने झाले, जमतच नाहीये. पिल्लाला जिथून आणलं तिथे परत सोडू का?

नाही. तीन महिने घरात राहिलेल्या पिल्लाला तिथली कुत्री ओळखत नाहीत, ती त्याला हाकलतात किंवा फाडतात, आणि त्याला गाडी चुकवता येत नाही. पाळलेला प्राणी असा टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हासुद्धा आहे.

पण जमत नाहीये हे मान्य करण्यात काही लाज नाही. आधी प्रश्न ३ ची तपासणी पुन्हा करा, दुखणं तर नाही ना. मग कुत्र्यांच्या वागणुकीचा अभ्यास असलेल्या माणसाला घरी बोलवून दोघांना बघायला सांगा. मारून, इलेक्ट्रिक पट्टा लावून शिकवतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. तरीही नाही जमलं तर पिल्लासाठी दुसरं घर शोधा, म्हाताऱ्यासाठी नाही. तो इथे आधी होता. नवं घर बघताना स्वतः जाऊन या, घरातल्या सगळ्यांशी बोला, ऑपरेशनचं कबूल करून घ्या आणि महिनाभर रोज फोटो मागा. माझी १० पिल्लं अशीच गेली, प्रत्येक वेळी रडू आलं, आणि प्रत्येक वेळी त्या रात्री मोत्या पाय ताणून गाढ झोपला.

२०. आमच्या कुत्र्याचे शेवटचे महिने आहेत, डॉक्टरांनी सांगितलंय. तो गेल्यावर घर खायला उठेल म्हणून आत्ताच पिल्लू आणू का?

मला कळतं हो, का विचारताय ते. तरी नका आणू.

पिल्लू रात्री तीनदा उठवतं, आणि त्याच रात्री म्हाताऱ्यालाही तुम्ही हवे असता, कूस बदलून द्यायला, पाणी पाजायला. दोघांपैकी एकाकडे दुर्लक्ष होतं आणि ते नंतर खूप टोचतं. केमो, स्टेरॉइड चालू असेल तर रस्त्यावरच्या पिल्लाचं इन्फेक्शन त्याला झेपणार नाही. नेमकं याच दिवसांत पिल्लू तुमच्या दारात आलं तर त्याला ओळखीच्या घरी ठेवा, लसीचा, खाण्याचा खर्च तुम्ही द्या, रोज तासभर तिकडे जाऊन भेटा, परत येताना आंघोळ करून कपडे बदला. आमच्या मजल्यावरच्या काकांनी असंच केलं होतं, त्यांची म्हातारी मादी पुढे ७ आठवडे जगली, आणि ते पिल्लू तेवढे दिवस आमच्या बाथरूममध्ये राहिलं.